नाव न घेता घातलेलं गाऱ्हाणं

बाबा,

तोंडाने तुला जन्मभर तू म्हणत आले, तेव्हा कागदावर एकदम तुम्ही करणं मला जमायचं नाही. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले आहे, कारण गेल्या रविवारी मी तुझ्या जागी उभी होते. सातविणीच्या झाडाखाली, राखणदाराच्या घुमटीपुढे, हातात नारळ आणि पाठीमागे सगळा वाडा. मी सारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मागच्यांना ते दिसलं नसावं, कारण साडी नेसले होते. तू इतकी वर्षं त्या जागी लेंग्यावर उभा राहायचास आणि तुझे पाय कधी हललेले मला आठवत नाहीत.

आमच्या आरोग्य केंद्रात पुण्याकडची एक नवी डॉक्टरीण आली आहे. मी खिडकीत बसून केसपेपर काढते, ती आत बसून माणसं तपासते. तिने मला विचारलं, गाऱ्हाणं म्हणजे नक्की काय? मी सांगितलं की वर्षातून एकदा सगळा वाडा, म्हणजे आमची अख्खी वस्ती, राखणदारापुढे, वस्ती राखणाऱ्या देवापुढे जमतो, एक माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतो, कुणाला काय दुखतंय, कुणाला काय हवंय ते एकेक करून सांगतो, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ती म्हणाली, म्हणजे प्रार्थना. मी म्हटलं, नाही हो, मी खिडकीत करते तेच. काय होतंय विचारायचं आणि आत पाठवायचं. ती हसली. घरी येताना मात्र वाटलं की मी तिला अर्धवटच सांगितलं. केसपेपरवर सगळ्यात वर नाव असतं. तुझ्या गाऱ्हाण्यात नाव कधीच नसायचं.

तुला हे काम मिळालं तेच मुळी नवलाने. आपण दोडामार्गाकडचे, डिचोलीत उपरे. तू पाळी गावच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत लोखंडाच्या मातीचा ट्रक चालवायचास. वाड्यावर सगळी इथलीच जुनी माणसं, दुकानदार, मास्तर, कचेरीतले. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे आजारी पडले, त्यांचा आवाज बसला, आणि पूजेच्या दिवशी ऐन वेळी कुणीतरी म्हणालं, त्या ड्रायव्हराला उभा करा, तो या ट्रकातून त्या ट्रकातल्याला हाक मारतो तेव्हा घरातली भांडी वाजतात. असं आई सांगायची. तू मालवणीत घातलंस. इथल्या कोंकणी बोलणाऱ्या काही जणांनी कुरकुर केली, आमच्या राखणदाराला सावंतवाडीची भाषा कशाला. पण पुढच्या वर्षी कुरकुर करणारेच आधी येऊन सांगून गेले की औंदाही तूच घाल. का, ते मला मोठी झाल्यावर कळलं.

पूजेच्या आधीचे आठ दिवस मला अजून दिसतात. तू ड्युटीवरून येतोस. मोरीत बसून अंगावरची तांबडी धूळ काढतोस, मोरीतून वाहणारं पाणी गुलाबी होत जातं. मग तो एकच पांढरा सदरा घालतोस आणि निघतोस. रोज चार घरं. बलकांवात, दारापुढच्या ओसरीत, दगडी सोप्याच्या बाकावर बसायचं, पाणी दिलं तर प्यायचं आणि एकच विचारायचं, "औंदा काय सांगूचा आसा?" मग गप्प. तुझ्या गप्प बसण्यातच सगळी मेख होती. माणसं आधी म्हणायची, काय नाही, सगळं बरं चाललंय. तू बसून राहायचास. मग हळूहळू निघायचं. नळाला पाणी सहाच्या आधी यायला हवं. शेजारच्याचा फणस आमच्या कौलांवर पडतो. मुलगा दुसऱ्यांदा मॅट्रिकला बसतोय. कोपऱ्यावरचा बार बंद व्हायला हवा, हे चार घरांतल्या बायका सांगायच्या. आणि पाचव्या घरात बारवाला स्वतः सांगायचा की धंदा चालू दे. तू दोघांनाही मान डोलवायचास. कागद नाही, पेन्सिल नाही. बत्तीस घरांचं सगळं डोक्यात.

आणि रविवारी ते बाहेर यायचं. घरांच्या ओळीने नाही, तुझ्या तुझ्या ओळीने, आणि असं घडवून की कुणाचं कुठलं ते ओळखू येऊ नये. बारचं काय करतोस म्हणून त्या वर्षी सगळ्यांचे कान टवकारलेले. तू म्हणालास, "बा म्हाराजा, जेका तहान लागता तेका तेच्या घराची वाट पण आठवांदे." बायका म्हणाल्या, व्हय म्हाराजा. बारवालाही म्हणाला, व्हय म्हाराजा, आणि तोही मनापासून. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मला वाटलं, माझा बाप जादू करतो. अजूनही फार वेगळं वाटत नाही.

त्याच सुमाराला तू माझ्यावर एकदा रागावला होतास. मावशी आली होती, आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, आणि मी चुलीपुढे उभी राहून हातात करवंटी धरून तुझी नक्कल करत होते. बा म्हाराजा, अमक्या काकीच्या सासूचो राग कमी कर. नाव घेऊन. मावशी हसून लोळत होती. तू दारात कधी येऊन उभा राहिलास कळलं नाही. तू हात उगारला नाहीस, आवाजही चढवला नाहीस, भांडी वाजवणारा तो आवाज घरात तू कधी काढलाच नाहीस. जवळ येऊन माझ्या हातातली करवंटी काढून घेतलीस आणि म्हणालास, "नाव घेतलस काय ती चुगली. नाव घेवक नाय काय ता गाऱ्हाणा." मी रडले. मावशीने जाता जाता आईला सांगितलं की तुझा नवरा फारच मनाला लावून घेतो.

पण मला लिहायचं आहे ते ट्रकांच्या वर्षाबद्दल. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. धक्क्याकडे जाणारे ट्रक आपल्याच रस्त्याने जायचे, दिवसभर, एकामागून एक. वाळत घातलेले कपडे तांबडे व्हायचे, भातावर धूळ बसायची. समोरच्या काकीच्या मुलीला दमा. सहा-सात वर्षांची पोर, खिडकीशी बसून तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. काकीने खिडक्यांना ओल्या साड्या बांधल्या होत्या. आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकांपैकी तीन ट्रक आपल्याच वाड्यावरच्या शेटचे होते, आणि त्यांतला एक तू चालवायचास. वाड्याची दोन मतं होती आणि दोन्ही खरी होती. निम्म्या घरांतल्यांचं पोट खाणीवर, निम्म्या घरांतल्यांची छाती खाणीने भरलेली. पोदेराच्या सायकलीभोवती सकाळी पाव घ्यायला जमलेल्या बायका एकमेकींशी त्यावरून अबोला धरायच्या आणि दुसऱ्या दिवशी सुट्ट्या पैशांसाठी परत बोलायच्या.

तू नेहमीसारखा काकीकडे गेलास. मी आपल्या खिडकीतून बघत होते. काकीने तुला बसही म्हटलं नाही. ती म्हणाली, "तुज्या राखणदाराक सांग, हे ट्रक बंद जांवदी." तू मान डोलावलीस आणि घरी आलास. आईने ते ऐकलंच होतं. तिने विचारलं की हे तू खरंच बोलणार आहेस का, शेट तिथेच हात जोडून उभा असणार, आपल्याच पोटावर पाय देतोयस. तू सदरा काढून खुंटीला लावलास. म्हणालास, "तिचा गाऱ्हाणा तिचा. माका ता नुसता पोचवचा आसा."

त्या रविवारी तू जे बोललास ते मला पाठ आहे. मधल्या चाळीस वर्षांत मी ते अनेकदा मनात म्हणून पाहिलं आहे, एक शब्दही हलवता येत नाही. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या वाड्यार एका लेकराक श्वास पुरणा नाय. जी चाका धूळ उडयतत, ती फिरवणारे हात हयच तुझ्याफुडे जोडलेले आसत. तेंची चूल त्याच चाकावर पेटता. त्या लेकराची छाती तू मोकळी कर. तेच्यापायी चाका थांबाक व्हयी आसतीत तर थांबांदे, आणि थांबली तर ह्या चुली तू सांभाळ रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मी म्हणाले, आई म्हणाली, शेटही म्हणाला. सवयीने तोंडातून निघून गेलं, आणि मग आपण काय म्हणून बसलो ते एकेकाला उमगत गेलं. काकी पदर तोंडाला लावून उभी होती. तू पुढचं मागणं सुरू केलंस, नळाच्या पाण्याचं.

दुसऱ्या दिवशी शेटने ट्रकाची चावी मागून घेतली. भांडला नाही, शिवी दिली नाही. दोन दिवस विश्रांती घे म्हणाला. ते दोन दिवस वर्षभर चालले. तू सर्वण गावात एका माडा-पोफळींच्या कुळागरात कामाला लागलास, माडांना पाणी लावायला, पाट काढायला. ट्रकावर बसणारा माणूस दिवसभर चिखलात उभा. गुलाबी पाणी बंद झालं, मोरीत काळी माती यायला लागली. आई बोलायची नाही, पण चुलीपुढे बसून डोळे पुसायची आणि विचारलं की धुराचं नाव सांगायची. मी शेटच्या घरावरून जाणं सोडलं. शाळेला लांबच्या वाटेने जायचे. पुढे मोठी झाले, नोकरीला लागले, शेटच्या घरातलं कुणी केसपेपर काढायला आलं की काढून द्यायचे, पण मान वर करायचे नाही. बाबा, हे मी चाळीस वर्षं केलं. तुला ते आवडलं नसतं हे ठाऊक असून केलं.

पुढच्या वर्षीचं गाऱ्हाणंही तूच घातलंस. तुझ्या पायांच्या भेगांत सर्वणची माती होती. त्यात एक मागणं होतं: "एका घरात एक दुखणा गप बसला हा. ता सांगाक येणा नाय आणि सोसाक होणा नाय. जेचा आसा तेका तू वळाखतस. तेका हात लाव रे म्हाराजा." मला वाटलं, शेवटी आपल्या घराचं सांगितलंस. सांगता न येणारं आणि सोसता न येणारं दुखणं म्हणजे आपलंच, आईचं चुलीपुढचं रडणं, तुझी गेलेली चावी. मी सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणाले, इतक्या मोठ्याने की आईने वळून पाहिलं. आणि महिन्याभरात शेटने तुला बोलावून चावी परत दिली. राखणदाराने ऐकलं, माझ्यामुळे ऐकलं, असं मी धरून चालले. त्या विश्वासावर माझी कितीतरी वर्षं निघाली.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी खाणी बंद पडल्या. सगळ्याच. तुला हे सांगायला हवं, कारण तू असतास तर तोंडात विडी तशीच ठेवून ऐकत राहिला असतास. कुणी म्हणालं कोर्ट, कुणी म्हणालं सरकार. आपल्या वाड्यावर मात्र पक्कं मत झालं की हे ड्रायव्हराचं गाऱ्हाणं लागलं. उशिरा लागलं, पण लागलं. तुझ्याबरोबर ट्रक चालवलेला एक म्हातारा माझ्या खिडकीशी गुडघे दाखवायला आला होता. केसपेपर हातात घेऊन जाईचना. म्हणाला, "तुज्या बापायन मागलें आनी ताणें दिलें. रांदणी सांबाळ म्हणपाक विसरूंक ना, म्हणून वांचलों आमी." मी विचारलं, चुली कशा काय वाचल्या? तो म्हणाला, थोरला पेडण्याला नव्या विमानतळावर सामान चढवतो, धाकटा कारखान्यात आहे, सुनेने खानावळ काढली, एकाची चूल विझली नाही. मागे रांगेत माणसं खोळंबली होती. मी त्याला हसले नाही. बत्तीस घरं मीही मनातल्या मनात मोजली होती, आणि विझलेली चूल मलाही सापडली नव्हती.

तुझ्यानंतर गाऱ्हाणं पोस्टातले काका घालायचे. चांगला माणूस, पण त्यांचं दोन वाक्यांत व्हायचं. सगळ्यांचं भलं कर, सगळ्यांना सुखी ठेव, नारळ फुटला, चला जेवायला. काही जणांना ते पसंत होतं, वेळ वाचतो. पण बायका घरी जाताना म्हणायच्या की आपलं सांगितलंच नाही, भलं कर म्हणजे नक्की काय कर? औंदा काका मुलाकडे पर्वरीला राहायला गेले, आणि पूजेच्या पंधरा दिवस आधी चार माणसं आपल्या दारात. तुझ्या बापाचा आवाज तुझ्या गळ्यात आहे, तू घाल. मग वाड्यावर दोन तट पडलेच. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची रीत नाही, असं जुने लोक म्हणाले. नवे म्हणाले, घालू दे. सातविणीच्या मागे आता पाच मजली इमारत झाली आहे, त्यात दिल्लीकडची माणसं राहतात, ती म्हणाली आम्ही व्हिडिओ काढू का. शेवटी काकीने मिटवलं. सत्तरी ओलांडली आहे तिने, काठी घेऊन सभेला आली. म्हणाली, "बायलांचेंय आयकुंदी राखणदाराक. दादल्यांचें आयकून आयकून कांटाळिल्लो आसतलो."

तेव्हा मी निघाले. रोज चार घरं, केंद्रातून आल्यावर, अंघोळ करून. मला सवय होती विचारायची, पण खिडकीतून विचारणं वेगळं आणि कुणाच्या बलकांवात बसून विचारणं वेगळं. मी फार लवकर बोलायचे. तीन घरं झाल्यावर कळलं की आपण गप्प बसायला हवं. चौथ्या घरात गप्प बसले आणि एका बाईने मला तिच्या लेकाचं सांगितलं, तो पोर्तुगालचा पासपोर्ट करून इंग्लंडला गेलाय, पैसे पाठवतो, पण आवाज पाठवत नाही. इमारतीतल्या दिल्लीच्या सूनबाईने हिंदीत विचारलं, आम्हीपण सांगू शकतो का, आमची लिफ्ट महिनाभर बंद आहे आणि सासरे चौथ्या मजल्यावर अडकून पडलेत. मी म्हटलं, राखणदार तुमचाही आहे. काकीकडे गेले तर ती मुलगी, म्हणजे आता सत्तेचाळिशीची बाई, दार उघडायला आली. छाती मोकळी, आवाज खणखणीत. खाणी पुन्हा उघडल्या तसे खाणीचे ट्रक परत सुरू झाले आहेत, आपल्याच रस्त्याने, आणि आता तिच्या मुलाला सकाळी खोकला येतो. काकी आतूनच म्हणाली, तेंच सांग, बदलूंक कांय ना.

एकतीस घरं झाली. शेटचं राहिलं. मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आणि शेवटच्या दिवशी अंघोळ करून तासभर नुसती बसून राहिले. न जाताही चाललं असतं. कुणी मोजायला बसलं नव्हतं. पण मग ते तुझं गाऱ्हाणं राहिलं नसतं, ती एकतीस घरांची चुगली झाली असती. चाळीस वर्षांनी मी त्या घराच्या पायऱ्या चढले. शेट बलकांवात खुर्चीवर. पंच्याऐंशीचा, एक हात लुळा. त्याने मला लगेच ओळखलं. मी सोप्यावर बसले आणि तुझंच वाक्य म्हटलं, औंदा काय सांगूचा आसा?

त्याने चालत्या हाताने पायऱ्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "तुजो बापूय हांगाच येवन रावल्लो. पांयांक चिखल. हांवें चावी काडून घेतल्ली ताजी, आनी तो म्हाका विचारता, देवाक कितें सांगूं." मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. त्या वर्षी त्याच्या बायकोच्या छातीत गाठ निघाली होती. थोरल्या मुलीचं लग्न ठरत होतं. बाहेर कळलं असतं तर मोडलं असतं, म्हणून घरातल्या घरातही मोठ्याने बोलत नव्हते, डॉक्टरकडेही गेले नव्हते. तू विचारलंस आणि गप्प बसलास, आणि शेट ज्याचं पोट त्याने मारलं होतं त्याच माणसाला ते सांगून बसला. नंतर आठ दिवस त्याला घास गेला नाही. आता हा भर वाड्यात बोलणार, सूड घेणार. रविवारी तो मागच्या रांगेत उभा राहिला, वेळ आली तर पळून जाता यावं म्हणून. आणि तू ते बोललास, गप्प बसलेल्या दुखण्याचं. सगळ्यांच्या देखत बोललास आणि एकालाही कळलं नाही. पूर्ण वाडा त्याच्या बायकोसाठी व्हय म्हाराजा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेला. नंतर ती सोळा वर्षं जगली, नातवंडं बघून गेली. शेट म्हणाला की एक पोरगी सगळ्यांत मोठ्याने ओरडली होती, ती कोण ते त्याला कधी कळलं नाही.

मी सांगितलं नाही. सोप्याचा दगड गार लागत होता, तेवढं आठवतं. ज्या घरावरून मी चाळीस वर्षं गेले नाही, त्या घराच्या बाईसाठी मी घसा फोडून मागितलं होतं, आणि तू माझ्या पुढेच उभा होतास, तुला ठाऊक होतं मी कशाला व्हय म्हणतेय. तू मला कधी सांगितलं नाहीस. आईलाही नाही, कारण ती जाईपर्यंत म्हणत होती की शेटला शेवटी लाज वाटली. आणि आपल्या घराचं दुखणं? बाबा, मी घरी येऊन तुझी सगळी गाऱ्हाणी आठवून पाहिली, जेवढी आठवतात तेवढी. आपल्या घराचं एकही नाही. बत्तीस घरं तू फिरायचास, आणि त्यांत आपलं घर धरलेलंच नव्हतं. हे माणसाला कसं जमतं, हे मला कळत नाही. छातीएवढ्या चिखलात उभं राहून आलेला माणूस, ज्याने चिखलात ढकललं त्याच्या दाराशी जाऊन तुझं काय दुखतंय म्हणून विचारतो, आणि त्याचं दुखणं असं झाकून नेतो की देवाशिवाय कुणाला दिसू नये. मी तुझ्याच घरात वाढले, तुझ्याच हातची पेज जेवले, आणि इतका मोठा माणूस घरात वावरत होता हे मला माहीतच नव्हतं.

निघताना मी परत विचारलं, औंदाचं काय ते सांगा. शेटने त्याचं सांगितलं. नातवाने ट्रक घेतलाय, पोराला दुसरं काही येत नाही, चाकं फिरत राहू देत. काकीच्या बरोबर उलट. मी मान डोलावली.

रविवारी मला वाटलं होतं मी मराठीत बोलेन, कारण मालवणी माझ्या तोंडातून कधीच गेली आहे. पण बा म्हाराजा म्हटलं आणि पुढचं तुझ्याच बोलीत आलं. लिफ्टचं सांगितलं, इंग्लंडच्या लेकाचं सांगितलं. मग ते आलं: "एका घराची खिडकी उघडी ऱ्हवांदे, आणि एका घराचा चाक फिरांदे. दोन्ही एकत्र कशी जमवची ता आमका कळणा नाय, म्हणान तुझ्याकडे इलव." काकी म्हणाली, व्हय म्हाराजा. शेटला नातवाने खुर्चीसकट उचलून आणलं होतं, तोही म्हणाला. इमारतीतली माणसंही म्हणाली, त्यांना आता जमायला लागलं आहे. नंतर जेवताना बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, अगदी बापासारखं घातलंस. जुन्यांतला एक जण म्हणाला की पुढच्या वर्षीही हिलाच उभी करा. मी सोलकढी पीत राहिले.

हे पत्र कुठे पाठवायचं, घुमटीत ठेवायचं की नदीत सोडायचं, असले विचार मी करत नाही. तांदळाच्या डब्याखाली राहील, माझ्यामागे कुणाला सापडलं तर सापडलं. वाड्यावरचे तुझ्यासारखं घातलंस म्हणतात आणि मला ते ऐकवत नाही, म्हणून हे लिहिलं. गाऱ्हाणं घालणाऱ्याला व्हय म्हाराजा म्हणावं लागत नाही. इतकी वर्षं मागे उभी राहून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, पुढे उभी राहिल्यावर आलं. शेटच्या चाकासाठी अख्खा वाडा व्हय म्हणाला तेव्हा माझं तोंड मिटलेलं होतं, आणि ते मिटलेलं ठेवायला मला मुभा आहे याचं मला इतकं बरं वाटलं की पुढचं मागणं क्षणभर आठवेचना.